एचआयव्ही प्रतिपिंड चाचणी : प्राथमिक आणि खात्रीचा निकाल

एचआयव्हीचा संसर्ग झाला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार करते. ती रक्तात आहेत का हे पाहणारी ती प्रतिपिंड चाचणी. विषाणू स्वतः या चाचणीला दिसत नाही, शरीराने त्याची घेतलेली दखल तेवढी दिसते. निकालाबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

चाचणी टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या, प्राथमिक चाचणीची चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. संसर्ग असलेला नमुना निसटू नये, मग त्यापायी काही निरोगी नमुने अडकले तरी चालतील, असा तिचा हिशेब. हे अडकलेले नमुने वेगळे काढणे हे नंतरच्या खात्रीच्या चाचण्यांचे काम. म्हणून पहिल्या टप्प्याच्या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ असे न लिहिता ‘रिअॅक्टिव्ह’ असे लिहितात. बोलताना मात्र हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि तिथेच घात होतो.

चाळणी इतकी बारीक का, याचे उत्तर इतिहासात आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९८३ साली हा विषाणू सापडला आणि मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेत होणाऱ्या प्रतिपिंड चाचणीला परवानगी मिळाली. तेव्हाची निकड होती ती दान केलेले रक्त तपासण्याची. रक्ताची एक चांगली पिशवी विनाकारण फेकली गेली तर नुकसान थोडे, पण दूषित पिशवी सुटली तर एका रुग्णाचा जीव पणाला लागतो. पुढे हीच चाचणी माणसांच्या निदानासाठी वापरात आली. पिशवी फेकून देता येते, माणसाला मात्र काहीतरी सांगावे लागते. खात्रीच्या चाचणीची गरज या फरकातून निर्माण झाली.

गणित. चाचणीची विशिष्टता, म्हणजे निरोगी लोकांना निरोगीच ठरवण्याचे प्रमाण, ९९.५ टक्के आहे असे म्हटले की रिअॅक्टिव्ह निकाल ९९.५ टक्के खरा, असा अर्थ बहुतेक जण लावतात. तो चूक आहे. समजा, एक लाख लोकांची चाचणी केली आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी त्या सगळ्या १०० जणांना पकडते. उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांपैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५००, चुकून रिअॅक्टिव्ह येतात. हातात एकूण ६०० रिअॅक्टिव्ह अहवाल आणि खरे त्यांतले १००, सहात एक. आता तेच किट अशा गटात वापरा जिथे दर दहांत एकाला संसर्ग आहे. लाखात खरे १०,००० आणि खोटे ४५०. इथे रिअॅक्टिव्ह निकाल शंभरात जवळजवळ ९६ वेळा खरा ठरतो. किट बदललेले नाही, रक्त देणारी माणसे बदलली. एकाच कागदाचा अर्थ दोघांसाठी वेगळा का, हे यावरून कळते. कोणाही एकाच्या पहिल्या निकालावर छातीठोक बोलू नये, तेही याचसाठी.

निरोगी रक्त रिअॅक्टिव्ह का येते? स्वप्रतिकार आजार (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), गर्भारपण, नुकताच झालेला दुसरा एखादा संसर्ग किंवा घेतलेली लस यांमुळे रक्तात अशी प्रतिपिंडे असू शकतात, जी चाचणीतल्या प्रथिनांना चुकून चिकटतात. एचआयव्हीविरोधी लशीच्या प्रयोगात भाग घेतलेल्यांना तर खरीच प्रतिपिंडे असतात, संसर्ग मात्र नसतो. शिवाय नळीवरचे लेबल बदलणे हे साधे मानवी कारण आहेच. निदान झाल्यावर औषधे सुरू करण्याआधी पुन्हा नव्याने रक्त घेऊन तपासण्याची शिफारस केली जाते, ती असल्या चुका पकडण्यासाठीच.

झटपट चाचणीची पट्टी. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात टाकून वर द्रावणाचे थेंब सोडतात. लालसर ओल पट्टीवर हळूहळू सरकत जाते. आधी चाचणीची जागा, तिच्यापुढे ‘सी’ म्हणजे कंट्रोलची रेघ. कंट्रोलची रेघ उमटलीच नाही तर निकाल बाद, मग दुसरी रेघ कितीही ठसठशीत असो. कंट्रोलसोबत चाचणीची रेघ आली की निकाल रिअॅक्टिव्ह. ती फिकट असली तरी रिअॅक्टिव्हच, कारण रेघेच्या गडदपणावरून आजाराचे प्रमाण मोजता येत नाही. किटवर दिलेल्या वेळेनंतर, समजा तासाभराने, पट्टी पुन्हा निरखून पाहण्यातही अर्थ नाही. वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ उमटू शकते.

विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ. संसर्ग झाल्यापासून साधारण पहिले दहा दिवस कोणतीच चाचणी काही दाखवत नाही. त्यानंतर रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, दिसू लागतो, मग पी-२४ हे विषाणूचे प्रथिन आणि शेवटी प्रतिपिंडे. हा आरएनए शोधणारी न्यूक्लिक आम्ल चाचणी संसर्ग पकडते तो १० ते ३३ दिवसांत. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी, प्रतिपिंडे आणि पी-२४ दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवस घेते, आणि फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. बहुतेक झटपट आणि घरगुती चाचण्या या शेवटच्या गटात मोडतात. यांतला पहिला आकडा लवकरात लवकरचा आहे आणि विश्वास ठेवायचा तो दुसऱ्यावर. एक तारखेला धोका पत्करला आणि दहा तारखेला पट्टी नॉन-रिअॅक्टिव्ह आली, तर त्या निकालाला एक तारखेबद्दल काहीच म्हणायचे नसते.

खात्रीच्या चाचण्या. बरीच वर्षे हा मान वेस्टर्न ब्लॉटचा होता. हिला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. विषाणूची प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करून पातळ पट्टीवर बसवतात आणि तिच्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडतात. ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तिथे पट्टा उमटतो. पी-२४, जीपी-४१, जीपी-१२०, जीपी-१६० या नावांतले आकडे म्हणजे त्या प्रथिनांचे किलोडाल्टन या एककातले वजन. अमेरिकेत रूढ झालेल्या निकषानुसार पी-२४, जीपी-४१ आणि जीपी-१२०/१६० यांपैकी कोणतेही दोन पट्टे असले की निकाल पॉझिटिव्ह, एकही पट्टा नसला की निगेटिव्ह. मधल्या सगळ्यांचा निकाल ‘अनिर्णित’.

अनिर्णित हा शब्द माणसाला सर्वांत जास्त छळतो. एकटाच पी-२४चा पट्टा दिसला तर त्याचे दोन अर्थ संभवतात. संसर्ग अगदी ताजा असेल आणि बाकीची प्रतिपिंडे अजून यायची असतील, किंवा भलत्याच प्रतिपिंडाने त्या जागी चिकटून घोळ घातला असेल. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले की उलगडा होतो. खरा संसर्ग पुढे सरकतो आणि पट्टे वाढतात. तोच एक फिकट पट्टा जागच्या जागी राहिला तर संसर्ग नाही असे धरतात. न्यूक्लिक आम्ल चाचणी केली तर इतकी वाटही पाहावी लागत नाही.

वेस्टर्न ब्लॉट मागे पडली ती वेगळ्याच कारणाने. प्राथमिक चाचण्या इतक्या सुधारल्या की ताज्या संसर्गात त्या ब्लॉटच्या पुढे धावू लागल्या. चौथ्या पिढीची चाचणी रिअॅक्टिव्ह आणि ब्लॉट निगेटिव्ह, अशा वेळी चूक खात्रीच्या चाचणीची असू शके. २०१४ साली अमेरिकेने नवा क्रम ठरवला : आधी चौथ्या पिढीची चाचणी, मग विषाणूच्या दोन प्रकारांपैकी एचआयव्ही-१ की एचआयव्ही-२ हे वेगळे सांगणारी प्रतिपिंड चाचणी, आणि दोहोंचे जुळले नाही तर आरएनए. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वेस्टर्न ब्लॉट सोडून देण्याची शिफारस केली. एकामागून एक केलेल्या तीन वेगवेगळ्या चाचण्या रिअॅक्टिव्ह आल्यावरच निदान पॉझिटिव्ह मानावे, असे तिचे म्हणणे. यात ‘वेगवेगळ्या’ या शब्दाला वजन आहे. एकाच किटने तीनदा तपासले तर पहिली चूक तीनदा होईल.

जिथे प्रतिपिंडे दिशाभूल करतात. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि जन्मानंतर वर्ष-दीड वर्ष टिकू शकतात. त्यामुळे अठरा महिन्यांच्या आतल्या बाळाचा रिअॅक्टिव्ह निकाल आईबद्दल सांगतो, बाळाबद्दल नाही. बाळासाठी थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधावे लागते. प्रतिबंधक औषधे घेत असताना संसर्ग झाला तर प्रतिपिंडे उशिरा येतात आणि निकाल बराच काळ धूसर राहू शकतो.

उपचार नियमित चालू असलेल्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली जाते, तरी प्रतिपिंड चाचणी बहुधा आयुष्यभर रिअॅक्टिव्हच येते. उपचार लागू पडतात की नाही हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून, कळते. अगदी सुरुवातीलाच औषधे मिळालेल्या काही जणांत मात्र प्रतिपिंडे पुरती तयारच होत नाहीत आणि घरी केलेली पट्टी नॉन-रिअॅक्टिव्ह दिसू शकते. तो निकाल पाहून ‘बरा झालो’ म्हणत गोळ्या बंद केल्या, तर बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात पुन्हा वाढू लागतो.