दुरुस्तीच्या टेबलावरून आलेला आवाज

मॅचलेस कंपनीचा डीसी-३० हा गिटारचा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखं फारसं काही दिसत नाही. ३० वॉट, १२ इंची दोन स्पीकर, मोजकी बटणं आणि उचलताना कंबरेची परीक्षा पाहणारं वजन. शेकडो आवाज पोटात घेऊन येणारी डिजिटल पेटी याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. तरीही हाताने बांधलेल्या अशा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) ॲम्पसाठी वादक काही हजार डॉलर मोजतात आणि बनवणाऱ्याकडे नंबर लावून महिनोन् महिने थांबतात. या ओढीचं मूळ शोधत मागे गेलं, की दर वळणावर एखादं दुरुस्तीचं दुकान लागतं.

त्यातलं पहिलं १९३८ सालचं. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करत असे. गावातले वादक आपले बिघडलेले ॲम्प त्याच्याकडे आणत. कुठला भाग लवकर जळतो, कुठला सांधा प्रवासात निसटतो, हे त्याने उघडलेल्या पेट्यांमधून शिकून घेतलं आणि त्यानंतर स्वतःचे ॲम्प बनवले. त्यांची सर्किटंही काही गुपित नव्हती. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्याच तेव्हा पुस्तिका छापून आपला माल कसा जोडावा ते सांगत. फेंडरचं कसब होतं ते त्यातून नेमकं निवडण्यात आणि ते टिकाऊ रीतीने बांधण्यात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेला त्याचा बॅसमन (५एफ६-ए हे त्याच्या सर्किटचं नाव आजही वादकांच्या तोंडी आहे) खरं तर बेस गिटारसाठी होता. १० इंची चार स्पीकरच्या त्या पेटीत गिटारवाल्यांनी आपल्या गिटारची वायर खोचली आणि आवाज वाढवत नेला. फेंडरला हवा होता स्वच्छ आवाज. वादकांना आवडला तो आवाज फुटायला लागण्याच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा टप्पा.

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शल या ड्रमवादकाने १९६० मध्ये वाद्यांचं दुकान काढलं. अमेरिकन ॲम्प इंग्लंडमध्ये महाग पडत, म्हणून दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण यांनी बॅसमनचंच सर्किट समोर ठेवून इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांतून ॲम्प उभा केला. तो जेटीएम४५. ट्रान्सफॉर्मर वेगळे, स्पीकर सेलेस्टियनचे, पहिल्या टप्प्यातली ट्यूब जास्त ताकदीची. एवढ्या बदलाने कॅलिफोर्नियाचा सूर जाऊन एक दमदार, दाट आवाज आला. त्याच सुमारास डार्टफर्डला डिक डेनी या स्वतः गिटार वाजवणाऱ्या तंत्रज्ञाने व्हॉक्स कंपनीचा एसी३० घडवला. ईएल८४ जातीच्या चार ट्यूब, आणि आवाज ताब्यात ठेवण्यासाठी इतर ॲम्पमध्ये जी निगेटिव्ह फीडबॅकची वेसण असते, ती यात नाही. त्यामुळे त्याचा आवाज किणकिणता, काहीसा बेलगाम. बुटीक, म्हणजे हाताने आणि मोजक्या संख्येने बनवलेल्या, ॲम्पचं आजचं जवळजवळ सगळं जग या तीन पेट्या आणि फेंडरचे १९६० च्या दशकातले ॲम्प यांच्याभोवती फिरतं.

मग हे सारं मोडलं कुठे? जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. ट्रान्झिस्टर तोवर स्वस्त झाला होता, भविष्य त्याचंच होतं, आणि फेंडरचे पहिले ट्रान्झिस्टर ॲम्प १९६६ मध्ये बाजारात आले. वादकांनी ते नाकारले. ट्यूबचे ॲम्प बनत राहिले, पण १९६० च्या दशकाच्या शेवटी बटणांमागची पट्टी काळ्याऐवजी चंदेरी असलेले मॉडेल आले तेव्हा सर्किटमध्ये हळूहळू फेरफार होऊ लागले. आवाज फुटू नये, परत येणारा माल कमी व्हावा, हा हिशेब. कारखान्याच्या नजरेने तो चूक नव्हता. मात्र ज्या फुटण्यासाठी लोक हे ॲम्प घेत होते, तेच काढून टाकण्याकडे सुधारणेचा ओढा होता. मार्शलनेही १९७० च्या दशकात हाताने केलेली जोडणी सोडून छापील सर्किट बोर्ड घेतले. वादकांनी यावर एक साधा उपाय काढला. नवा ॲम्प विकत घ्यायचा आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून तो ‘जुन्यासारखा’ करून घ्यायचा. चंदेरी पट्टीच्या ॲम्पला काळ्या पट्टीच्या जुन्या ॲम्पसारखं करून देणं हा त्या काळात अमेरिकेत चांगला चालणारा धंदा होऊन बसला.

अशाच एका टेबलावर रँडल स्मिथ काम करत होता, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात. त्याने फेंडरच्या प्रिन्स्टन नावाच्या चिमुकल्या ॲम्पच्या खोक्यात बॅसमनचं सर्किट आणि १२ इंची मोठा स्पीकर कोंबला. सुरुवात एका मित्राची गंमत म्हणून झाली होती. दुकानात आलेल्या कार्लोस सँटाना या गिटारवादकाने तो ॲम्प वाजवून पाहिला, त्याच्या तोंडून दाद निघाली आणि तिच्यातूनच ‘बूगी’ हे नाव आलं. पुढे स्मिथने त्यात आवाज चढवणारा आणखी एक टप्पा जोडला. आधी एका टप्प्यात आवाज फोडायचा, शेवटी वेगळ्या बटणाने तो हवा तेवढाच बाहेर सोडायचा. छोट्या खोलीतही लांब टिकणारा सूर मिळू लागला. स्मिथची कंपनी मेसा बूगी पुढे मोठा कारखाना झाली, पण एका वादकासाठी, त्याच्या सांगण्यावरून ॲम्प बांधायचा, हा पायंडा इथे पडला.

तो पायंडा टोकाला नेला अलेक्झांडर डंबल याने. दक्षिण कॅलिफोर्नियात एकट्याने काम करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला आधी वाजवायला लावून ऐकत असे. हात किती जड पडतो, पिक तारेवर कसं येतं, गिटार कुठली. मग ॲम्प त्या हाताला जुळेल असा घडवायचा. मिरजेचा कारागीर गवयाचा आवाज ऐकून तंबोऱ्याची जवारी लावतो, ती दृष्टी ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवं वाटणार नाही. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, स्टीव्ही रे वॉन हे त्याचे ॲम्प वाजवणाऱ्यांपैकी. आयुष्यभरात त्याने सुमारे ३०० ॲम्प बनवले असं मानलं जातं. आज त्यातला एखादा विक्रीला आला तर १ लाख डॉलरच्या वर जातो. नक्कल होऊ नये म्हणून सर्किटच्या मोक्याच्या भागावर तो इपॉक्सीचा (सुकल्यावर कडक होणाऱ्या चिकट रसायनाचा) जाड थर ओतून ठेवी.

न्यू जर्सीतला केन फिशर याच्या अगदी उलट स्वभावाचा. पूर्वी ॲम्पेग कंपनीत नोकरी, मग दुरुस्तीचं काम आणि १९८० च्या दशकात ‘ट्रेनरेक’ या नावाने मोजके ॲम्प. त्यांना तो क्रमांक देत नसे, बायकांची नावं देई. दुरुस्तीचं ज्ञान त्याने हात न आखडता लिहून ठेवलं. प्रकृतीने त्याला फार काम करू दिलं नाही. २००६ मध्ये तो गेला. त्याच्या एक्स्प्रेस या ॲम्पवर आवाज आणि सूर यांची जेमतेम काही बटणं आहेत, कारण खरं बटण गिटारवर आहे. गिटारचा आवाज कमी केला की ॲम्प निवळतो, वाढवला की गर्जतो. माझ्या मते या सगळ्या वेडाचं मर्म या एका ॲम्पमध्ये सापडतं, म्हणून इथे थोडं थांबून आत काय घडतं ते पाहू.

ट्यूब, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. तो रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर आवाज लगेच येत नसे. आतली तार तापायला वेळ लागे. तापलेल्या कॅथोडवरून निघालेले इलेक्ट्रॉन पोकळीतून प्लेटकडे धावतात आणि मधल्या जाळीवरचा गिटारचा क्षीण विद्युतदाब त्यांना कमीजास्त अडवतो. हा दाब फार वाढला की ट्यूब एकदम कापत नाही, लहरीचं टोक हळूहळू दबत जातं, तेही एका बाजूला जास्त. रसेल हॅम या ध्वनिमुद्रण अभियंत्याने १९७३ मध्ये मोजमाप करून दाखवलं की अतिभार पडल्यावर ट्यूबच्या आवाजात दुसरा हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर) ठळक होतो आणि ट्रान्झिस्टरच्या आवाजात तिसरा. दुसरा म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. कानाला तो डिस्टॉर्शन वाटतच नाही, सूर भरल्यासारखा वाटतो. अर्थात ही गोष्ट इथेच संपवणं चुकीचं ठरेल, कारण जोडीने चालणाऱ्या, स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात. फक्त ‘ट्यूबमध्ये गोडवा असतो’ म्हणणारे अर्धंच सांगतात.

उरलेलं अर्धं हाताला कळतं. अनेक जुन्या ॲम्पमध्ये एसीचा डीसी करण्याचं कामही ट्यूबच करते. वादकाने जोरात तार छेडली की पॉवर ट्यूब एकदम जास्त प्रवाह ओढतात, ही ट्यूब तेवढा पुरवू शकत नाही, दाब क्षणभर खाली बसतो आणि पुन्हा वर येतो. ऐकणाऱ्याला जाणवतं की स्वराचा पहिला आघात जरा दबला आणि मग स्वर फुलत गेला. वाजवणाऱ्याला बोटाखाली तारच मऊ झाल्यासारखी वाटते. शिवाय अशा ॲम्पची स्पीकरवरची पकड सैल असते. स्पीकर स्वतःच्या स्वभावाने हलतो आणि खालच्या व वरच्या टोकाला आवाज उभारी घेतो. म्हणजे ॲम्प वादकाला उत्तर देत राहतो, आणि ते उत्तर पुढचा स्वर कसा वाजेल ते ठरवतं. हे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या श्रोत्यापर्यंत कदाचित पोचतही नाही. पैसे मोजणारा मात्र वायरच्या अलीकडच्या टोकाला, गिटारपाशी असतो.

१९८९ मध्ये लॉस एंजेलिसला मार्क सॅम्पसन आणि रिक पेरोटा यांनी मॅचलेस काढली तेव्हा या हातकामाला पहिल्यांदा मोठी बाजारपेठ मिळाली. सॅम्पसन जुने एसी३० दुरुस्त करून थकला होता. आवाज देवाचा, पण दौऱ्यावर नेला की बंद पडणार. डीसी-३० म्हणजे तोच आवाज, लढाऊ जहाजासारखा बांधलेला. प्रत्येक भाग पुढच्या भागाला हाताने डाग देऊन जोडलेला. क्लीव्हलँडला माइक झाइटेचा डॉ. झी हा कारखाना साधारण त्याच वेळचा. इलिनॉयमधल्या व्हिक्टोरियाने जुने फेंडर जसेच्या तसे उभे केले, नॉर्थ कॅरोलायनात स्टीव्ह कार, कॅलिफोर्नियात टू-रॉक. टू-रॉकने तर डंबलच्या आवाजाची वाट धरूनच सुरुवात केली. एव्हाना सभागृहांतल्या ध्वनियंत्रणा इतक्या ताकदवान झाल्या होत्या की १०० वॉटच्या ॲम्पची भिंत रचायची गरज उरली नव्हती. १५ ते ३० वॉटचा ॲम्प, समोर माईक, बस. लहान ॲम्प फुटेपर्यंत वाजवता येतो, हे बुटीकवाल्यांच्या पथ्यावर पडलं.

हातजोडणीबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचं आहे. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि सर्किटची आखणी यांनी आवाज घडतो. चांगल्या रीतीने आखलेला छापील बोर्डही उत्तम वाजतो, आणि जुना रेझिस्टर केवळ जुना म्हणून गोड होत नाही. हातजोडणीचा खरा फायदा ३० वर्षांनी दिसतो. पेटी उघडली की प्रत्येक भाग डोळ्यांसमोर असतो, बिघडलेला कॅपॅसिटर काढून नवा डाग दिला की काम झालं. (आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो, त्यामुळे हे काम जाणत्यानेच करावं.) अमेरिकेतून पुण्या-मुंबईत ॲम्प आणणाऱ्याला तर आधी १२० व्होल्टची सोय करावी लागते. तो थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये खोचला तर नुसत्या फ्यूजवर निभावलं तरी नशीब.

ट्यूब मात्र आता मोजक्या ठिकाणी बनतात. अमेरिका आणि इंग्लंडमधले मोठे कारखाने केव्हाच बंद झाले. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. गिटारवाल्यांची भिस्त मुख्यतः स्लोव्हाकियातल्या जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीन यांच्यावर राहिली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली तेव्हा दुकानांतले साठे भराभर उचलले गेले आणि किमती चढल्या.

डंबल त्याच वर्षी जानेवारीत वारला. त्याचे ॲम्प अजून स्टुडिओत आणि रंगमंचावर चालू आहेत, त्यांच्या आवाजाच्या प्रतिकृती डिजिटल पेट्यांत भरलेल्या आहेत. पण मूळ ॲम्पमधला इपॉक्सीखालचा एखादा भाग आता निकामी झाला, तर समोर बसलेल्या दुरुस्तीवाल्याला आधी तो थर थोडाथोडा खरवडून काढावा लागतो, खाली काय आहे हे माहीत नसताना.