कोल्हापूरच्या निसर्गचित्रामागचा पडदा

कोल्हापूरच्या आजच्या निसर्गचित्रकाराच्या हाताला दोन वळणं आहेत. एक जागेवर बसून केलेल्या जलरंगाचं, दुसरं नाटकाच्या पडद्यांचं. पहिल्याबद्दल भरपूर बोललं जातं, दुसऱ्याचं ऋण सहसा कुणी मोजत नाही.

पहिलं वळण आबालाल रहिमान (निधन १९३१) यांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, कोटितीर्थाकाठी राहिले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने गावाभोवतीची तळी, झाडी, घाट रंगवत राहिले.

दुसरं वळण नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबुराव पेंटर (बाबुराव १८९०–१९५४) यांचं. पडद्यासाठी पावडरचा रंग सरसाच्या पाण्यात कालवतात. तो ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की बराच फिका पडतो, त्यामुळे वाळल्यावरची छटा आधीच डोक्यात ठेवावी लागते. सरस कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना पोपडे सुटतात. शिवाय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खोली दिसायला हवी, म्हणून दूरचं, मधलं आणि जवळचं असे तीन टोन, म्हणजे गडद-फिकेपणाच्या पातळ्या, स्पष्ट सुटे ठेवावे लागतात. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या बाबुरावांच्या तालमीत तयार झालेले अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी पुढे निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग (कोरड्या रंगपुडीने छटा देऊन केलेली चित्रं) केलं. राजारामपुरीतल्या त्यांच्या कलासंग्रहालयात ती बघायला मिळतात. त्यांच्यासमोर सावकाश उभं राहावं, घाईत बघण्याची ती चित्रं नव्हेत.

पंचगंगेच्या घाटावर ही दोन्ही वळणं एकत्र येतात. तिथला दगड काळा, पण ट्यूबमधला काळा लावला की चित्र तिथेच मरतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा करावा. सावलीत निळा वाढवावा, उन्हात सिएना. पाण्यातलं प्रतिबिंब रंगवताना गडद वस्तू किंचित फिकी आणि फिकी वस्तू किंचित गडद करावी. रंकाळा तलावातला संध्यामठ नवशिक्यांना फसतो तो इथेच: मठ आणि प्रतिबिंब एकाच टोनमध्ये जातात आणि पाणी दिसतच नाही.

पावसाळ्यात ३०० जीएसएमचा जाड कागदही लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, जास्त पाण्याचा ब्रश टेकवला, की पाणी रंग मागे ढकलतं आणि आकाशात दातेरी कडांचे डाग उठतात. कागदावरची चमक पूर्ण गेल्याशिवाय दुसरा वॉश देऊ नये. उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं. वॉश मध्येच वाळून पट्टे पडतात, म्हणून आकाशाचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा आणि बोर्ड थोडा तिरका धरावा.