इंकजेट प्रिंटरचे हेड साफ करणे

इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाईचे थेंब उडवणाऱ्या भागात, वाळून बसलेली शाई विरघळवून बंद पडलेली छिद्रे पुन्हा वाहती करण्याची क्रिया. ठाण्यात कोर्ट नाक्यापासून बेलापूरच्या कोकण भवनाच्या परिसरापर्यंत झेरॉक्सवाले या दुखण्याला ‘हेड चोक झालंय’ असे म्हणतात. हेडचे छिद्र केसाहूनही बारीक असते. त्यातून एका वेळी काही पिकोलिटर शाई उडते. एक पिकोलिटर म्हणजे लिटरच्या अब्जाव्या भागाचा हजारावा हिस्सा. एवढ्या तोंडात वाळलेला एक कण अडकला तरी पुरे.

शाई वाळते ती मुख्यतः प्रिंटर पडून राहिल्याने. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेल्यांचा प्रिंटर नेमका जूनमध्ये, शाळा-कॉलेजचे फॉर्म काढायच्या दिवशी अडतो. खाडीकाठची दमट हवा खरे तर शाई ओली ठेवायला मदतच करते. पण दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीतली हवा कोरडी असते. दुसरे कारण सवयीचे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन झाकले जाते. छपाई चालू असताना भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच पाडला, तर ते वाटेतच उघडे राहते.

हेड दोन प्रकारचे. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सनमध्ये विजेच्या दाबाने वाकणारा पीझो घटक शाई पिळून काढतो. सफाईच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. तापणाऱ्या हेडमध्ये शाई पोहोचत नसताना छापत राहिले, तर आतले तापक जळू शकतात. मात्र हे हेड बऱ्याच मॉडेलांत कार्ट्रिजलाच जोडलेले असते, ते बदलता येते. पीझो हेड बहुधा यंत्रात कायमचे बसवलेले असते.

निदान नोझल चेकच्या, म्हणजे छिद्रे तपासायला प्रिंटरनेच छापलेल्या नमुन्याच्या, कागदावर होते. पायऱ्यापायऱ्यांच्या बारीक रेघांत जिथे खंड दिसेल तिथली छिद्रे बंद. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर सहज चकवतात. पासपोर्ट फोटोतला चेहरा गुलाबी-जांभळा आला की संशय पिवळ्यावर घ्यावा, पिवळट-हिरवा आला तर मॅजेंटावर, म्हणजे किरमिजी शाईवर. कार्ट्रिजऐवजी टाकीतून नळीने शाई घेणाऱ्या प्रिंटरमध्ये नळीत हवा शिरली तरी रेघा अशाच तुटतात. तिथे सफाईआधी टाकीतली पातळी पाहणे शहाणपणाचे.

पहिला उपाय प्रिंटरच्या मेनूतले ‘हेड क्लीनिंग’. यात पंप छिद्रांतून शाई ओढतो आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. दोन-तीनदा करून भागले नाही तर थांबावे, प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी पुन्हा नोझल चेक काढावा. टोपीखालच्या ओलाव्याने वाळलेली शाई सैल होते. हा थांबण्याचा उपाय फुकटचा असूनही कोणी करत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग मारले की टाकी उतरते आणि पॅडचा हिशेब ठेवणारा काउंटर भरतो. मग प्रिंटर छापायलाच नकार देतो.

सुटणारे कार्ट्रिज असेल तर टिश्यू पेपर कोमट डिस्टिल्ड वॉटरने भिजवून त्यावर छिद्रांची बाजू एक-दोन मिनिटे टेकवावी. पेपरवर रंगांचे पट्टे उमटले की शाई सुटली. तांब्याचे संपर्कबिंदू पूर्ण कोरडे केल्याशिवाय कार्ट्रिज परत बसवू नये. नळाचे पाणी टाळावे, त्यातले क्षार मागे राहतात. एसीच्या पाइपातून ठिबकणारे पाणी ‘डिस्टिल्डच असतं’ म्हणून वापरणारेही भेटतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि बुरशी असते. बॅटरीत घालण्यासाठी विकले जाणारे पाणी त्यापेक्षा कितीतरी बरे.

कायम बसवलेल्या हेडला सिरिंज लावणे हा शेवटचा आणि धोक्याचा उपाय. सिरिंजमधला सफाईचा द्रव हळूहळू झिरपू द्यायचा असतो. दट्ट्या जोराने दाबला तर आतला नाजूक पडदा फाटतो. मग हेडच बदलावे लागते, आणि हेड व मजुरी मिळून बिल कधी कधी नव्या प्रिंटरच्या जवळ जाते. म्हणून जुना मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारतो, ‘शेवटचं प्रिंट कधी काढलं होतं?’