पुण्यातील नवशिके वाहनचालक

शिकाऊ परवाना हाती पडल्यापासून शेजारी कोणी नसताना शहरात गाडी नीट चालवता येईपर्यंतच्या टप्प्यातील चालकास नवशिका चालक म्हणतात. कायद्याच्या लेखी हा टप्पा पक्के लायसन मिळताच संपतो. प्रत्यक्षात गाडीवर हात बसायला त्यापुढे निदान एक पावसाळा जावा लागतो. पुण्यात हे अंतर विशेष जाणवते. परवान्याच्या चाचणीत गाडी ताब्यात आहे की नाही एवढेच बघतात. पुण्याच्या रस्त्यावर कस लागतो तो चहूबाजूंनी येणाऱ्या दुचाकींचा अंदाज घेण्यात, आणि तो कोणत्याही चाचणीच्या मैदानावर शिकता येत नाही.

स्कूटर आधी, चारचाकी नंतर

एकेकाळी सायकलींचे शहर असलेले पुणे १९७० नंतर दुचाकींचे शहर झाले. आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना, दोन्ही १९७२ मध्ये बाजारात आल्या. चेतकचे गिअर डाव्या मुठीत असत. क्लच दाबून मूठ फिरवायची सवय व्हायला वेळ लागे. लुनाला गिअरच नव्हते आणि अडलेच तर पायडल मारून घर गाठता येई. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने विनागिअर आणि बटण दाबून सुरू होणारी स्कूटर दिली. साडी नेसूनही ती सहज चालवता येई, आणि असंख्य घरांतील आई, मावशी, आत्या रस्त्यावर स्वतंत्रपणे फिरू लागल्या. शहराच्या इतिहासात या बदलाची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

आजही पुणेकर बहुधा सोसायटीच्या आवारात किंवा एखाद्या मोकळ्या मैदानात दादा, ताई किंवा बाबांकडून स्कूटर शिकतो आणि चारचाकीकडे नोकरी लागल्यावर वळतो. अशा माणसाला रस्त्याची जाण आधीच असते: सिग्नल कधी सुटणार, रिक्षा कुठे अचानक थांबणार, बसमधून उतरणारा प्रवासी कुठून पुढे येणार हे त्याला कळते. त्याला नसतो तो गाडीच्या रुंदीचा अंदाज. स्कूटरवर असताना डावीकडच्या फटीतून पुढे जाण्याची सवय अंगात मुरलेली असते. कारमध्ये बसल्यावर त्याच फटीतून येणाऱ्या दुसऱ्या स्कूटरवर नजर ठेवावी लागते. सगळ्यात अवघड जाते ते हेच.

वय आणि परवाना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीला १६ व्या वर्षी परवाना मिळतो, पण ही सवलत लुनाच्या काळाला साजेशी होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या विनागिअर स्कूटर साधारण १०० ते १२५ सीसीच्या असतात, त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना त्या कायद्याने चालवता येत नाहीत. तरी क्लासेसच्या बाहेर त्यांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि हे पालकांना ठाऊक असते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या विजेवरच्या स्कूटरला परवाना लागत नाही. मुलाला काही द्यायचेच असेल तर कायद्यात बसणारा पर्याय तेवढाच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा हे कलम घराघरांत चर्चेला आले.

शिकाऊ परवान्याचा अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर करतात. २०२१ पासून आधारच्या साहाय्याने संगणकीय चाचणी घरबसल्याही देता येते. प्रश्न १५, त्यांपैकी ९ बरोबर आले की उत्तीर्ण. ही सोय चांगली आहे, मात्र घरच्यांनी शेजारी बसून उत्तरे सांगितली तर चिन्हे कधी शिकलीच जात नाहीत, आणि त्याची किंमत पुढे ‘प्रवेश बंद’च्या फलकाखालून आत शिरलेल्या चालकाला मोजावी लागते.

हा परवाना ६ महिने चालतो. पक्क्यासाठी निदान ३० दिवस थांबावे लागते. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्के लायसन असलेली व्यक्ती हवी, तीही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी. घरच्या कारला दोन्हीकडे ब्रेक नसतात, म्हणून शेजारच्याचा हात हँडब्रेकपर्यंत सहज पोचला पाहिजे. ज्या कारमध्ये हँडब्रेकच्या जागी फक्त बटण आहे, ती पहिल्या सरावाला शक्यतो घेऊ नये. ‘एल’ किंवा सोबती नसताना अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो, कारण शिकाऊ चालकाने हे नियम पाळलेले असणे ही पॉलिसीतील अट असते.

ड्रायव्हिंग स्कूल

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी चारचाकीचे प्रशिक्षण निदान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास निदान १० असावे लागतात. रोज अर्धा तास धरला तर हा हिशेब जेमतेम जुळतो, आणि बहुतेक वर्ग तसेच चालतात. सकाळी सहा-साडेसहाला छोटी कार दारात येते, मागच्या सीटवर आपली पाळी येण्याची वाट पाहणारे किंवा ती संपलेले एक-दोन जण असतात, आणि शिकवणारे सर डावीकडे स्वतःच्या क्लच-ब्रेकवर पाय ठेवून बसलेले असतात. या जोड-ब्रेकमुळे शिकणारा सुरक्षित राहतो, पण त्याची एक फसगतही होते. गाडी वेळेवर थांबली की ती आपणच थांबवली असे त्याला वाटते. अखेरच्या आठवड्यात तरी ‘सर, आज तुम्ही पाय लावू नका’ असे सांगून, मोकळ्या रस्त्यावर, आपले ब्रेक आपल्याला कळतात का ते पाहून घ्यावे.

२०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची वेगळी सोय केली आहे. तेथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, त्यात २१ तास प्रात्यक्षिक आणि ८ तास वर्ग असतो. तो पुरा करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणी द्यावी लागत नाही. तासांमधला हा फरक दुपटीहून जास्त आहे, आणि ज्याला परवडेल त्याने तो विचारात घ्यावा.

चाचणी

पुण्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ आहे (एमएच १२, पिंपरी-चिंचवडचे एमएच १४). दुचाकीची चाचणी आळंदी रस्त्यावरील फुलेनगरच्या कार्यालयात होते, तर चारचाकीची भोसरी-नाशिक फाटा भागात, १९६७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या आवारातील संगणकीय मार्गावर. तेथे इंग्रजी आठचा आकडा काढणे, ‘एच’ आकारात मागे घेणे आणि चढावर थांबून पुन्हा निघणे असते. सलग तीनदा नापास झाल्यास पुढच्या प्रयत्नासाठी ६० दिवस थांबावे लागते. तिशीच्या आत मिळालेला परवाना आता वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालतो.

पहिले वर्ष

डावे वळण हा पुण्यातील नवशिक्याचा कळीचा धडा आहे. कर्वे रस्त्यावरून एखाद्या गल्लीत डावीकडे शिरायचे असेल तर इंडिकेटर बराच आधी द्यावा, डावा आरसा पाहावा आणि मग मान वळवून खांद्यामागेही पाहावे, कारण मागच्या दरवाज्याला लागून चाललेली स्कूटर आरशात दिसत नाही. याहून उपयोगी गोष्ट म्हणजे वळणाच्या आधीच गाडी हळूहळू डाव्या कडेला घेणे. कडेला फटच उरली नाही तर कोणी तीत शिरत नाही. पुष्कळ नवशिके घासण्याच्या भीतीने रस्त्याच्या मधून वळतात आणि त्यांनीच मोकळ्या ठेवलेल्या जागेत दुचाकी सापडते.

दुसरी परीक्षा चढावरची. उड्डाणपुलाच्या तोंडाशी किंवा तळजाईच्या चढावर रांग थांबते आणि मागची दुचाकी बंपरला जवळजवळ टेकून उभी राहते. अशा वेळी हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, क्लच सावकाश सोडावा. हाफ क्लचला, म्हणजे क्लच अर्धा सुटला की, इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे वाटते. त्या क्षणी थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडावा. गाडी तसूभरही मागे जात नाही. मागून कितीही हॉर्न वाजले तरी हा क्रम बदलू नये. गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करता येते. मागच्याच्या पायावर गेलेली गाडी मागे घेता येत नाही. ऑटोमॅटिक कार घेणाऱ्यांना हा प्रश्न बराच कमी येतो आणि परवानाही तोच चालतो, पण तिथे डावा पाय पूर्ण विश्रांतीला ठेवायची शिस्त लागते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाचे.

जुन्या शहराचे स्वतःचे नियम आहेत. लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत, तरी ओलांडताना दोन्हीकडे पाहावे, कारण दुभाजकाच्या किंवा पदपथाच्या कडेने उलट येणारी दुचाकी ही इथली रोजची गोष्ट आहे. पेठांतील ‘पी-१’, ‘पी-२’ पाट्यांप्रमाणे रस्त्याची एक बाजू सम तारखेला आणि दुसरी विषम तारखेला पार्किंगसाठी खुली असते. पाटी न वाचता गाडी लावली की परतल्यावर ती टोइंगच्या गाडीवर दिसते. गणेशोत्सवात आणि पालख्यांच्या मुक्कामात मध्यवर्ती रस्त्यांची सगळी व्यवस्थाच बदलते, तेव्हा नवशिक्याने पीएमपीची बस धरावी.

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा बुळबुळीत थर होतो. दुचाकीने झेब्राचे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणे यांवर ब्रेक लावू नये, झुकू नये. कारच्या काचेवर आतून वाफ धरते, ती फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसी काचेकडे सोडावा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. पाण्याची खोली कारमध्ये बसून कळत नाही, म्हणून मागे फिरणे हाच मार्ग.

घाटासाठी जुन्या चालकांचा दंडक आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ कित्येक गाड्यांना धडक दिली. नवशिक्याने या पट्ट्यात स्वतःचा वेग सांभाळावाच, पण मागचा आरसाही वारंवार पाहावा. सिंहगडासारख्या अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अगदी शेवटी. सुमारे ९४.५ किलोमीटरच्या या मार्गावर दुचाकींना बंदी आहे आणि सपाट भागात कारची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. त्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद अंतर म्हणजे ८० मीटरहून अधिक. शहरात ४० च्या वेगाला सेकंदाला ११ मीटरची सवय झालेल्या डोळ्याला ते अंतर उगाच मोठे वाटते, आणि नेमके तिथेच चुकते.

सोबतीचा काळ

ब्रिटनमध्ये नव्या चालकास पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले तर परवाना रद्द होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पंचविशीच्या आतील शिकाऊंना १२० तास सोबतीने चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यात २० तास रात्रीचे. आपल्याकडे असा मधला टप्पा नाही. ‘एल’ निघाला की त्याच संध्याकाळी एकट्याने हिंजवडीहून परतता येते. ही उणीव सध्या घरच्यांनाच भरून काढावी लागते. पक्के लायसन मिळाल्यावरही काही महिने ठरलेल्याच रस्त्याने, आधी रविवार सकाळी, मग गर्दीत, मग रात्री, मग पावसात, असे शेजारी कोणीतरी अनुभवी बसवून चालवावे. त्या माणसाने बोलावे कमी. ‘अगं, ब्रेक, ब्रेक!’ असे ओरडण्याने हात थरथरतात. ‘डावीकडून स्कूटर येते आहे’ एवढे वेळेवर सांगितलेले पुरते.

परवाना आहे पण चालवण्याचा धीर नाही, अशांची संख्याही शहरात मोठी आहे. त्यांत पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया पुष्कळ. कधीकाळी स्कूटर सराईतपणे चालवलेल्या, कार मात्र कायम दुसऱ्याच्या हाती राहिलेल्या. त्यांच्यासाठी अनेक स्कूल काही दिवसांचा उजळणीचा वर्ग घेतात, आणि मागितल्यास विद्यार्थिनीच्या स्वतःच्या कारवरही शिकवतात. ज्यांना नव्याने परवाना काढायचा आहे त्यांना चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. बाकी वयाची आडकाठी नाही.