गर्भाशयोच्छेदन आणि पतीची साथ

मूल होण्याची आशा असलेल्या स्त्रीचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढावे लागते, तेव्हा पतीने निर्णयाच्या वेळी, रुग्णालयात व पुढील काळात तिला द्यावयाची साथ हा या नोंदीचा विषय आहे. बोलण्यात या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. प्रसूतीनंतरचा न थांबणारा रक्तस्राव, गर्भाशयाच्या भित्तीत खोल रुतलेली वार, जननेंद्रियांचा कर्करोग आणि क्वचित इतर उपायांना दाद न देणाऱ्या गाठी ही तरुण वयातील प्रमुख कारणे होत.

शस्त्रक्रियेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास इफिससचा ग्रीक वैद्य सोरेनस याने योनिमार्गे गर्भाशय काढल्याचे जुन्या ग्रंथांत सांगितले जाते; मात्र ते पूर्णपणे बाहेर आलेले व सडू लागलेले गर्भाशय कापून टाकणे असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नियोजित योनिमार्गी शस्त्रक्रियेचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील गॉटिंगेनचे शल्यविशारद कॉनराड लांगेनबेक यांना (1813) दिले जाते. सहकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. ती रुग्ण पुढे अनेक वर्षे जगली आणि तिच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाने त्यांचे म्हणणे खरे ठरले. पोटावाटे केलेल्या शस्त्रक्रियेत मँचेस्टरचे चार्ल्स क्ले (1843) प्रथम मानले जातात, परंतु त्यांची रुग्ण वाचली नाही. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथील वॉल्टर बर्नहॅम यांची 1853 मधील रुग्ण वाचली. त्यामुळे पहिले कोण याचे उत्तर, मान ‘शस्त्रक्रिया केली’ याला द्यावा की ‘रुग्ण वाचली’ याला, यावर अवलंबून राहते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एदुआर्दो पोर्रो यांची इटलीतील पाव्हिया येथील 1876 ची शस्त्रक्रिया अधिक महत्त्वाची आहे. त्यांनी पोटावाटे प्रसूती करून लगेच गर्भाशय काढले व आई आणि बाळ दोघेही वाचले. आईचा जीव राखण्यासाठी पुढच्या मातृत्वावर पाणी सोडण्याचा हा प्रसंग आजही प्रसूतिगृहांत उभा राहतो.

गर्भाशय राखण्याच्या पर्यायांनाही इतिहास आहे. अंग बाहेर येण्याच्या विकारात तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या पद्धती मुंबईत वि. ना. शिरोडकर व बी. एन. पुरंदरे यांनी विकसित केल्या. गर्भाशयमुखाच्या अगदी प्राथमिक कर्करोगात निवडक रुग्णांचे केवळ मुख काढून गर्भाशय राखता येते. म्हणून तातडी नसेल तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, अंडाशय राखता येतील का हे विचारणे आणि कर्करोगाच्या उपचारांपूर्वी अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याची चौकशी करणे हे पतीच्या साथीचे पहिले आणि बहुधा सर्वांत मोलाचे काम होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने 2019 मध्ये समिती नेमली होती. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

संमतीपत्रावर पतीची सही घेण्याचा रुग्णालयांत रिवाज आहे. तथापि सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीची स्वतःची संमतीच कायद्याने आवश्यक आणि पुरेशी असते. केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या रुग्णाच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय व अंडाशय काढल्याच्या प्रकरणात, जीवावरचे संकट नसताना नातेवाइकाची परवानगी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले. पतीने प्रश्न विचारावेत, टिपून घ्यावेत. निर्णय तिचाच राहावा.

आपत्कालीन शस्त्रक्रियेत हा क्रम उलटतो. औषधे, गर्भाशयात फुगवलेला फुगा, रक्तवाहिन्या बांधणे हे सारे निष्फळ ठरले की काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. ती भुलीखाली असते, पती रक्तपेढीच्या खिडकीशी हातात चिठ्ठी घेऊन उभा असतो, आणि बातमी तिच्याआधी त्याला कळते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ‘इतक्यात सांगू नका’ असे मायेपोटीच म्हणतात, पण हे लपत नाही. वॉर्डातल्या बोलण्यातून किंवा खाटेशी अडकवलेल्या कागदांवरून ते तिला कळले, तर फसवले गेल्याचे दुःख मूळ दुःखात मिसळते. ती नीट शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पतीला शेजारी बसवून सांगावे, हे अधिक योग्य.

अनेक सार्वजनिक रुग्णालयांत स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबता येत नाही. रात्री आई किंवा सासू आणि दिवसा पती अशी वाटणी होते. खोकताना पोटावर उशी दाबून धरणे व लवकर चालू लागणे उपयोगी पडते. पोटावाटे शस्त्रक्रिया झाल्यास सावरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. दुर्बिणीतून झाल्यास त्याहून कमी. जड उचलणे व शरीरसंबंध निदान 6 आठवडे टाळावेत. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून उचललेली 15 लिटरची भरलेली बादली 15 किलोची असते, हे घरात सर्वांना माहीत हवे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त रक्तस्राव, एकाच पोटरीची सूज किंवा धाप लागणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. अंडाशय काढले असल्यास रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून निघणाऱ्या वाफा, झोपमोड व चिडचिड ही तिच्या स्वभावाची लक्षणे समजू नयेत.

या दुःखाला बारावे-तेरावे नसते, म्हणून ते आजूबाजूच्यांना दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी ‘दत्तक घेऊ की’ म्हणणे किंवा ‘मला मूल नकोच होते’ असे खोटे सांगणे याने तिचे तोंड मात्र बंद होते. पतीचेही काही गमावलेले असते. औषधे-बिलांच्या धावपळीत ते दडपून न टाकता त्याने तिच्याजवळ बोलावे. डोहाळजेवण-बारशाला जायचे की नाही हे तिच्यावर सोडावे, आणि आपापल्या घरच्यांना ज्याने त्याने सांगावे. सासूच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळी सुनेवर येऊ नये. हिंदू विवाह अधिनियम, 1955 नुसार मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिले लग्न टिकून असताना दुसरे करता येत नाही.

अंडाशय शाबूत असल्यास सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपले मूल वाढवण्याचा, मार्ग उरतो. 2021 च्या अधिनियमाखालील नियमांत गर्भाशय काढलेले असणे हे मान्य कारण असून व्यावसायिक सरोगसीला मनाई आहे. दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. गर्भाशय प्रत्यारोपणानंतरचे पहिले बाळ 2014 मध्ये स्वीडनमध्ये जन्मले. भारतातील पहिले प्रत्यारोपण मे 2017 मध्ये पुण्यात, आईचे गर्भाशय मुलीला देऊन झाले व तेथेच ऑक्टोबर 2018 मध्ये मूल जन्मले. दाता व ग्राही दोघींनाही मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागत असल्याने तो मार्ग अद्याप मोजक्यांचाच आहे.