अंगावर हवेचा पापुद्रा बाळगणारा भुंगेरा

उथळ ओढा दगडगोट्यांवरून खळाळत जातो, तिथला एखादा दगड उचलून त्याची खालची बाजू नीट निरखावी. कधीकधी त्यावरचे काळसर ठिपके सावकाश चालू लागतात. ते असतात एल्मिडी कुळातले भुंगेरे. जगभरात त्यांच्या सुमारे १५०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या.

आयुष्य पाण्यात काढणाऱ्या या किड्याला पोहता मात्र येत नाही. लांब पाय आणि त्यांच्या टोकाच्या दणकट नख्या, एवढ्याच भरवशावर तो प्रवाहात तग धरतो.

मग तो श्वास कसा घेतो? डबक्यातले पाणभुंगेरे पंखांखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतात. पण त्या बुडबुड्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात विरघळतो, बुडबुडा आक्रसतो आणि किड्याला पुन्हा वर यावं लागतं. खळाळात पकड सोडून वर येणं म्हणजे वाहून जाणं. एल्मिडी भुंगेऱ्याच्या अंगावर, विशेषतः पोटाकडच्या बाजूला, पाण्याने न भिजणारी अतिशय दाट, सूक्ष्म लव असते. तिच्यात हवेचा पातळ पापुद्रा अडकून राहतो. लव पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून हा पापुद्रा आक्रसत नाही. किडा त्यातला ऑक्सिजन वापरतो, तसतसा पाण्यातला ऑक्सिजन आत झिरपतो. या रचनेला ‘प्लॅस्ट्रॉन’ म्हणतात. हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येण्याची गरजच उरत नाही. मला तर ही निसर्गातली सर्वात देखणी श्वसनयंत्रणा वाटते.

पण हे सारं पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तरच. तो कमी पडला, तर पापुद्र्यातला ऑक्सिजन उलट पाण्यात जाऊ लागतो. साबण किंवा डिटर्जंट मिसळलं की पाण्याचा पृष्ठताण घटतो, लव भिजते आणि पाण्यात राहणारा हा किडा पाण्यातच गुदमरतो.

अळीची तऱ्हा वेगळी. तिचे कल्ले शेपटीच्या टोकाशी, झाकण असलेल्या कप्प्यात असतात. बहुतेक अळ्या शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खातात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली ‘लारा अवारा’ ही जात मात्र बुडालेलं लाकूड कुरतडते. लाकडात पोषण फार कमी, त्यामुळे तिची वाढ पूर्ण व्हायला चार वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो.

कोषासाठी अळी काठावरच्या ओलसर मातीत चढते. म्हणजे पाण्याइतकाच काठही शाबूत हवा. कोषातून निघालेला भुंगेरा बऱ्याचदा एकदाच उडतो, पाण्यात शिरतो आणि मग काही जातींमध्ये त्याचे उडण्याचे स्नायूच झिजून जातात.

टेक्सासमधल्या ‘कोमल’ नावाच्या झऱ्यांतल्या ‘हेटरेल्मिस कोमालेन्सिस’ या एल्मिडी भुंगेऱ्याला नाव मिळालं १९८८ मध्ये, आणि १९९७ मध्ये तो संकटग्रस्त ठरला. हे झरे १९५६ च्या दुष्काळात काही महिने पार आटले होते. झऱ्याच्या तोंडातून आत, जमिनीखाली जिथे पाणी उरलं होतं तिथे उतरून, २ मिलिमीटरच्या या किड्याने ते दिवस काढले असावेत.