रिमूव्ह आणि पर्ज: अपाचे काढल्यावर मागे काय उरते
डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवरून अपाचे हा वेब सर्व्हर काढण्यासाठी ॲप्ट या पॅकेज (प्रोग्रॅमचे संच) बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या दोन कमांड वापरल्या जातात, रिमूव्ह आणि पर्ज. दोन्हींनंतर सर्व्हर बंद होतो, त्यामुळे त्यांचा परिणाम सारखाच असल्याची समजूत सहज होते. फरक जाणवतो तो तेच पॅकेज पुन्हा टाकण्याची वेळ आल्यावर.

रिमूव्ह ही कमांड पॅकेजने आणलेल्या प्रोग्रॅम फाइल काढते, मात्र इटीसी डिरेक्टरीतील कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगच्या फाइल, तसेच ठेवते. हे मुद्दाम केलेले आहे, कारण व्हर्च्युअल होस्टची (एकाच सर्व्हरवरील वेगवेगळ्या साइटची) मांडणी, मॉड्यूलची निवड आणि सुरक्षेच्या सेटिंग यांमागे माणसाचे श्रम असतात आणि ते केवळ पॅकेज काढले म्हणून वाया जाऊ नयेत. ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या आणि पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजी या साधनाच्या यादीत अशा पॅकेजसमोर ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात: पहिले अक्षर पॅकेज काढायला सांगितल्याचे, तर दुसरे कॉन्फिगरेशन अजून शिल्लक असल्याचे सांगते. व्यवस्थित बसलेल्या पॅकेजसमोर तिथे ‘आयआय’ असते.

पर्ज त्यापुढे जाऊन पॅकेजच्या कॉन्फिगरेशन फाइलही काढते आणि डीपीकेजीच्या नोंदीतून त्या पॅकेजची आठवण पुसते. आधी रिमूव्ह केलेल्या पॅकेजवर नंतर पर्ज चालवता येते, त्यामुळे मनात शंका असेल तर रिमूव्हवर थांबणे शहाणपणाचे. पर्ज मागे घेता येत नाही. इटीसीतील अपाचे२ या डिरेक्टरीची प्रत आधी काढून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

खरी गफलत या दोहोंच्या मधल्या वाटेवर होते. रिमूव्ह केल्यावर उरलेली अपाचे२ डिरेक्टरी पाहून अनेक जण ती सरळ हाताने डिलीट करतात आणि आता पर्जचेच काम झाले असे मानतात. तसे झालेले नसते. डिस्कवरून फाइल गेल्या, तरी डीपीकेजीच्या नोंदीत त्या अजून आहेत. आणि नोंदीत असलेली कॉन्फिगरेशन फाइल जागेवर नसेल, तर ती सर्व्हर सांभाळणाऱ्याने जाणूनबुजून काढली आहे, असे डीपीकेजी धरून चालते. म्हणून पॅकेज पुन्हा टाकले तरी मुख्य कॉन्फिगरेशन फाइल परत येत नाही आणि नुकताच बसवलेला सर्व्हर सुरूच होत नाही. अशा वेळी माणूस इंटरनेट, डिस्क, रिपॉझिटरी अशा भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. उपाय मात्र सोपा आहे: आधी पर्ज करावे, मग नव्याने इन्स्टॉल करावे. पर्ज करणे शक्य नसेल, तर हरवलेल्या कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा आणण्यासाठी डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय देता येतो.

दोन्ही कमांडना एक मर्यादा सारखीच आहे. अपाचे हे एकच पॅकेज नाही. प्रोग्रॅम आणि मॉड्यूल अपाचे२-बिन या पॅकेजमध्ये असतात, तर पासवर्ड फाइल तयार करणाऱ्या एचटीपासडब्ल्यूडीसारखी साधने अपाचे२-युटिल्समध्ये. अपाचे२ एवढेच नाव देऊन रिमूव्ह किंवा पर्ज केले, तर सोबत आलेली ही पॅकेजे मागे राहू शकतात आणि ती आवरण्यासाठी ऑटोरिमूव्ह चालवावे लागते. त्याला पर्जचा पर्याय जोडला, तर त्यांचे कॉन्फिगरेशनही जाते. होकार देण्यापूर्वी टर्मिनलवर दिसणारी पॅकेजांची यादी मात्र शेवटपर्यंत वाचावी, कारण दुसऱ्या कशासाठी लागणारे पॅकेज त्यात आलेले असू शकते.

पर्जनंतरही व्हार डिरेक्टरीतील वेबसाइटची तुमची पाने, सर्टबॉट या साधनाने आणलेली एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे आणि फायरवॉलमध्ये ८० व ४४३ पोर्टसाठी दिलेली परवानगी तशीच राहते. या गोष्टी अपाचेच्या पॅकेजच्या मालकीच्या नसल्याने त्या एकेक तपासून हातानेच काढाव्या लागतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा वापरकर्ता मात्र अपाचेचा अवशेष समजून काढू नये. तो ३३ या ठरलेल्या क्रमांकासह मूळ प्रणालीच्या बेस-पासडब्ल्यूडी पॅकेजमधून येतो, आणि उद्या एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर किंवा पीएचपी चालवणारे पीएचपी-एफपीएम बसवले तर त्यांनाही तोच लागतो.